पितळेच्या पिनांची डबी

धक्क्याच्या पायऱ्या जिथे संपतात आणि रस्ता जिथे सुरू होतो, त्या सांध्यावर पत्र्याच्या छपराखाली एक लांबट जागा होती. मालक तिला कारखाना म्हणत आणि त्यांची पत्नी भंगारखाना. दोन्ही नावे यथार्थ होती. भिंतीलगत लाकडी घोड्यांवर नावांची जुनी इंजिने ओळीने टांगलेली असत. नावेच्या पाठफळीला बाहेरून अडकवायची, वर डोके, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाशी पंखा, अशा घडणीची. मधोमध गोड्या पाण्याचे एक मोठे पिंप. कोणतेही इंजिन आत आले की त्याला प्रथम त्या पिंपात उभे करून चालवायचे, पोटातले खारे पाणी धुऊन काढायचे आणि मगच त्याच्या दुखण्याची चौकशी करायची, हा तिथला अलिखित दंडक. "दारात आलेल्याला आधी पाणी विचारावं," असे मालक म्हणत.

लोक त्यांना धास्तीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. परंतु इंजिनाविषयी बोलू लागले की समोरच्याला विद्यार्थी करून सोडत, म्हणून मास्तर. आणि त्यांच्या प्रत्येक निरूपणाची परिसमाप्ती कुठल्यातरी संभाव्य अनर्थात होई, म्हणून धास्ती. वापरलेले इंजिन घ्यायला आलेले गिऱ्हाईक विचारी, "हे पेट्रोल किती खातं?" मास्तर चष्मा कपाळावर सरकवून उत्तर देत, "पेट्रोल सगळीच खातात हो. हे माणूस खातं का, ते विचारा."

त्यांचे म्हणणे असे, की जुने इंजिन घेताना स्वस्त पडते, कारण त्याच्या किमतीचा उरलेला भाग पुढे समुद्र वसूल करतो. गिअरचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते. ते दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले म्हणून समजायचे. थंडावा देणारे पाणी वर खेचणारे रबराचे चक्र झिजते, प्लग काळवंडतात, कार्बोरेटरात मीठ साचते. लोक या सगळ्याला खर्च म्हणत. मास्तर त्याला पोषण म्हणत. "गाय घेतली आणि वैरण महाग म्हणून रडत बसलात, तर दूध कोण देणार?" हे बोलताना त्यांचा उजवा हात नकळत समोरच्या इंजिनाच्या माथ्यावर असे, ताप पाहावा तसा.

मात्र या माणसाने गेल्या कित्येक वर्षांत पाण्यावर पाऊल ठेवले नव्हते. नावा त्यांच्या दारात येत, इंजिने त्यांच्या हाताखालून जात; स्वतः ते पायऱ्यांच्या शेवटच्या कोरड्या दगडापलीकडे उतरत नसत. कारण सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कोणी विचारीत नसे. ते कोवळ्या वयाचे असताना वडिलांबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर खाडीच्या मुखापर्यंत गेले होते. मुखाच्या एका अंगाला पाण्याबाहेर दात काढून बसलेल्या खडकांची रांग आहे. लोक तिला दाढा म्हणतात. तिथे इंजिन बंद पडले. वडील दोरी ओढीत राहिले. ओढली, पुन्हा ओढली; "आता होईल, आता होईल" म्हणत राहिले. नांगर त्यांच्या पायाशीच पडलेला होता. दाढांनी नाव फोडली तेव्हाही दोरीचे टोक वडिलांच्या मुठीत होते. दोघे वाळूवर आले. भाऊ आला नाही.

त्या दिवसापासून पेट न घेणाऱ्या इंजिनाच्या दोरीचा तो कोरडा, दम लागल्यासारखा आवाज ऐकला की मास्तर हातातले काम टाकून कान झाकून घेत. आणि त्याच दिवसाने त्यांना एक वाक्य दिले होते, जे त्यांनी आपल्या एकुलत्या मुलीला बाराखडीच्या आधी शिकवले: "इंजिन बंद पडलं की आधी नांगर, मग शिव्या."

ती मुलगी आता खाडीपलीकडच्या रुग्णालयात परिचारिका होती, आणि दैवाची थट्टा अशी की तिने लग्न केले ते उतारू नेणाऱ्या नावाड्याशी. जावई आनंदी, शीळ घालणारा, भीती या पदार्थाची चवच न घेतलेला मनुष्य. मास्तर त्याला जावईबापू म्हणत आणि मनातून त्याच्याकडे न तपासलेल्या इंजिनाकडे पाहावे तसे पाहत.

या जावयाने एका दलालाकडून वापरलेले इंजिन आणले. रंग नवा, आवाज गोड. मास्तरांनी ते पिंपात उभे केले. बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार अखंड होती आणि हाताला कोमट लागत होती. प्लगचे टोक भाजलेल्या विटेच्या रंगाचे, म्हणजे निरोगी. गिअरचे तेल स्वच्छ. दोरी हळू ओढली तर आतला दाब हाताला नीट प्रतिकार करी. मास्तर जसजसे तपासत गेले तसतशी त्यांची चर्या उतरत गेली. दोष सापडला म्हणजे त्यांना झोप लागे. न सापडला म्हणजे रात्रभर ते कूस बदलत.

"मामा, आता तरी मान्य करा, इंजिन चांगलं आहे," जावई म्हणाला.

"तीच तर भीती आहे. जुन्या इंजिनात बिघाड दिसत नसला, तर बिघाड हुशार आहे असं समजायचं."

मुलगी दाराशी पिशवी घेऊन उभी होती. दुपारी तिची पाळी सुरू व्हायची होती. ती हसून म्हणाली, "बाबांना काहीतरी वाईट सापडू दे बाई लवकर, नाहीतर आज मी काही पोचत नाही."

शेवटी मास्तरांनी पंखा उतरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शांती आली.

"सापडली."

पंखा ज्या दांड्यावर बसतो, त्या दांड्यातून आरपार एक बोटभर पिन जाते. ती मऊ पितळेची असावी असा नियम. पण आधीच्या मालकाने वारंवार पिना बदलण्याला कंटाळून तिथे पोलादाचा तुकडा ठोकून दिला होता.

"ही तर मजबूत दिसतेय की," जावई म्हणाला.

"मजबूत आहे. म्हणजे तुटणार नाही."

"मग बरंच झालं."

"जावईबापू, पंख्यात ओंडका अडकला तर कुणाला तरी तुटावंच लागतं. ही तुटणार नाही, मग आतला गिअर तुटेल. गिअर गेला की इंजिन भंगारात आणि तुम्ही दाढांच्या तोंडात. पितळेची पिन गेली, तर तिथल्या तिथे दुसरी घालता येते."

"म्हणजे तुटावी म्हणूनच घालायची?"

"तुटायची वेळ आली तर तिनं तुटावं म्हणून."

"बाबांनी माझ्या शाळेच्या चपलेचा सुटा पट्टा दप्तरात ठेवला होता," मुलगी नवऱ्याला म्हणाली. "पाचवीपासून दहावीपर्यंत. चप्पल काही तुटली नाही, पण पट्टा झिजला."

मास्तरांनी पोलाद ठोकून बाहेर काढले, भंगाराच्या डब्यात भिरकावले आणि त्या जागी पितळेची पिन बसवली. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक इंजिनाच्या टोपणाखाली एक चपटी पत्र्याची डबी तारेने बांधलेली असे. तिच्यात त्याच मापाच्या काही सुट्या पिना. ही डबी म्हणजे त्यांची सहीच. त्यांनी डबी काढली, पिना मोजून भरल्या, तार शोधू लागले, आणि तेवढ्यात वरच्या घरातून पत्नीचा आवाज आला.

"जेवायला येताय की ताट खाली पाठवू, इंजिनाशेजारी?"

"आलो, आलो."

"सकाळपासून तिसऱ्यांदा येताय. अजून जिना चढलेला दिसत नाही."

मास्तरांनी डबीवर पुसायचे फडके टाकले, हात धुतले आणि जिना चढले.

ते खाली आले तेव्हा घोडा रिकामा होता. जावयाने इंजिन खांद्यावर घेऊन नावेला जोडले होते आणि नाव मधल्या पाण्यात गेली होती. ओहोटी लागली होती. सगळी खाडी मुखाकडे, समुद्राकडे ओढ घेत होती, आणि पलीकडच्या काठाची वाट मुखाजवळूनच जाई. वाराही फिरला होता. नावेत मुलगी, जावई, दोन-तीन उतारू आणि आपले शिवणयंत्र मांडीशी घट्ट धरून बसलेला एक शिंपी, इतकी माणसे मास्तरांनी दारातूनच निरखून पाहिली. इंजिनाचा आवाज समाधानी, भरलेल्या पोटाचा होता. त्यांनी मान हलवली आणि मेज आवरायला घेतले.

फडके उचलले. खाली डबी होती.

प्रथम त्यांना काही कळलेच नाही. दुसऱ्याच कुणाची वस्तू पाहावी तसे ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या कानांच्या पाळ्या गार पडल्या, आणि तो गारवा मानेवरून खाली पाठीच्या कण्याशी उतरला. पोलादाची पिन काढणारा हात त्यांचा. पितळेची घालणारा हात त्यांचा. आणि सुट्या पिना मेजावर विसरणाराही हात तोच. त्यांच्या सावधपणाने अर्धे काम केले होते, आणि अर्ध्या सावधपणाइतके घातक जगात दुसरे काही नसते.

"तुटणार नाही," ते स्वतःशी म्हणाले. "रोज थोडीच तुटते." परंतु वरच्या अंगाला नदीला पूर येऊन गेला होता, मुखापाशी तुटक्या फांद्या, जाळ्यांची लक्तरे, दोरखंड वाहत होते. डबी मुठीत घेऊन ते पायऱ्यांच्या शेवटच्या कोरड्या दगडावर येऊन उभे राहिले. ओठ पुटपुटत होते. ते काही मागत होते की नुसते ऐकत होते, त्यांचे त्यांनाच सांगता आले नसते.

आणि त्यांनी ते ऐकले.

मुखाच्या बाजूने ऐकू येणारा इंजिनाचा भरदार आवाज एकाएकी उंच गेला, किंचाळीसारखा पातळ आणि भरधाव झाला. ओझे नसलेल्या इंजिनाचा आवाज तो. पंख्याचा सांधा तुटून नुसतेच फिरणारे यंत्र असे ओरडते. मग कुणीतरी ते बंद केले. त्यानंतरची शांतता अधिक भयंकर होती.

"काय हो?" पत्नी वरच्या खिडकीत आली. "असे काय उभे राहिलात?"

"पिन गेली."

"कुठली पिन?"

मास्तरांनी मूठ उघडून दाखवली. एवढ्या लांबून डबी दिसणे शक्य नव्हते. पण नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग तिला दिसला. आयुष्यभर सावलीकडेही पावती मागणारा म्हणून ज्याला ती हसली, त्या माणसाला आज हसण्याजोगे तिला काही दिसले नाही. ती अनवाणीच खाली आली.

धक्क्यावर निघण्याजोगी नाव दिसेना. मासेमारीच्या नावा बाहेर गेलेल्या, उरलेल्या ओहोटीने चिखलात बसलेल्या. पाण्यावर तरंगत होती ती एकच, पायऱ्यांना बांधलेली, जाळीवाल्या वहिनीची. वहिनी म्हणजे मास्तरांच्या दिवंगत मित्राची पत्नी. जाळी दुरुस्त करून पोट भरणारी, जिभेची तिखट. तिच्या नावेला तिच्या नवऱ्याच्या वेळचे एक पुरातन इंजिन होते. मास्तर त्याला म्हातारी म्हणत आणि ते मोडीत काढा म्हणून वहिनीला वर्षानुवर्षे बजावत. म्हातारी तापली की तिची ठिणगी पाडणारी कॉइल आचके देई आणि इंजिन मरे. थंड झाल्यावाचून पुन्हा उठत नसे. पेट्रोल वर खेचायची तिची ताकदही गेली होती. नळीवरचा रबरी फुगा हाताने सतत दाबीत राहावे लागे. "ही खडकांच्या सावलीपर्यंत जाईल, पुढे नाही," असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला होता.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "नाव काढा. पोरगी मुखाशी अडकली आहे."

वहिनीने हातातली जाळी खाली टाकली. "भावोजी, नाव काढते. पण या इंजिनावर तुमचा भरवसा नाही."

"नाहीच."

"आणि इंजिनाला फुगा दाबायला दुसरं माणूस लागतं. माझे हात दोनच आहेत, आणि सुकाणूचा दांडा एका हातानं आवरत नाही."

मास्तरांनी खाली पाहिले. पायरी आणि नाव यांच्यामध्ये पाण्याची एक काळी फट होती. ती उघडे आणि मिटे, उघडे आणि मिटे, एखाद्या तोंडासारखी. पत्नीने त्यांच्या कोपराला हात लावला. ढकलले नाही, धरलेही नाही.

ते कसे उतरले, हे त्यांना पुढे कधी आठवले नाही. आठवले ते इतकेच, की पायाखालची फळी हलली आणि सगळे शरीर पुन्हा तेवढेसे लहान झाले. समोर वडिलांची पाठ होती, आणि शेजारी भावाचा ओला सदरा.

"अहो, डोळे उघडा," वहिनी म्हणाली. "दोरी तुम्ही ओढताय की मी?"

"मी नाही," मास्तर घाईने म्हणाले. "दोरी मी नाही."

वहिनीने ओढली. म्हातारीने खोकून नकार दिला. तो कोरडा आवाज. मास्तरांनी दोन्ही हातांनी नावेची कड आवळली. वहिनीने पुन्हा ओढली. तोच आवाज. आणि तिसऱ्या खेपेला हात जाण्याआधी मास्तरांच्या भीतीतूनच त्यांचे ज्ञान जागे झाले, जसे काही दोघे एकाच खोलीत राहत होते. "थांबा. चोक अर्धाच ठेवा. ही पूर्ण चोक घेत नाही, गुदमरते. मी फुगा दाबतो, घट्ट होईपर्यंत. आता."

म्हातारी पेटली.

नाव ओहोटीच्या ओघाला लागली. मास्तरांनी डोक्याचा पंचा पाण्यात बुडवला, इंजिनाचे टोपण काढून टाकले आणि तापत चाललेल्या कॉइलवर तो ओला पंचा धरला. एका हाताने पट्टी, दुसऱ्या हाताने फुगा; दाबा, सोडा, दाबा, सोडा. पंचा कोमट झाला की पुन्हा भिजवा, पिळा, धरा. फिरत्या चाकाला स्पर्श होऊ देऊ नका. या कामात त्यांची मान इंजिनाकडे वळलेली होती, म्हणून पाणी दिसत नव्हते. पण ते पाणी फळीखाली वाहताना तळव्यांना कळत होते. मुख जवळ येऊ लागले तशी लाट उंच झाली. नाव वर जाई तेव्हा पोट खाली राही. त्यांच्या दातांचा कडकड आवाज वहिनीला ऐकू येत होता.

"हे जिवंत होते ना, तेव्हा तुमच्याबद्दल म्हणायचे," ती दांडा धरून म्हणाली, "की हा माणूस आंघोळीला बसला तरी बादलीचा तळ तपासतो."

"तो गेला तापानं. अंथरुणात."

"हो. समुद्राला कधी भ्याले नाहीत आणि घरातल्या घरात गेले. म्हणून सांगते, तुम्हाला ताप आला तर सरळ समुद्रात जा, भावोजी. तिथं तुम्हाला काही होणार नाही."

मास्तर हसले नाहीत. पण दात वाजायचे क्षणभर थांबले.

मग दाढा दिसल्या. लाट ओसरे तेव्हा त्या काळ्या, शेवाळलेल्या उभ्या राहत. लाट चढे तेव्हा पांढऱ्या फेसात बुडत. आणि त्यांच्या अलीकडे, एका लाटेसरशी त्यांच्यावर आपटेल इतक्या जवळ, जावयाची नाव. ती वाहत नव्हती. तोंड प्रवाहाकडे करून ती एका ताठ दोरावर झटके खात होती. पुढच्या टोकाशी गुडघे टेकून, दोर दोन्ही हातांनी धरून मुलगी बसलेली होती.

आधी नांगर. तिने आधी नांगर टाकला होता.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे सगळे विरघळले. फुगा दाबायचा राहिला, आणि म्हातारीने लगेच आचका दिला. "भावोजी," वहिनी ओरडली. त्यांनी फुगा पुन्हा आवळला.

जवळ गेल्यावर वहिनीने फेकलेला दोर जावयाने झेलला. तो शीळ घालीत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा होता. पंख्यात दोरखंड गुंतला होता. तो त्याने सुरीने कापून काढला होता. मग तुटक्या पिनेचे टोक खिळ्याने ठोकून काढू पाहिले. खिळा जाड निघाला. वल्ही मारून पाहिली. ओहोटीपुढे वल्ह्यांचे काही चालले नाही.

"नांगर धरत नव्हता," मुलगी मागे न पाहता म्हणाली. तिच्या आवाजात एक विलक्षण सपाटपणा होता. अशा आवाजात ती रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलत असावी. "वाळूवरून घसरत होता. मग यांचं यंत्र दोराला बांधून टाकलं."

"कुणाचं?"

शिंप्याने हात वर केला. "माझं शिवणयंत्र आहे खाली," तो अत्यंत दीनपणे म्हणाला. "वडिलांच्या वेळचं. बाईंनी विचारलं, काका, जीव हवा का यंत्र. मी म्हटलं, विचार करायला जरा वेळ द्या. त्यांनी दिला नाही."

मास्तरांनी डबी पुढे केली. ती देताना त्यांचा हात थरथरत होता आणि घेताना जावयाचाही. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिले. इतक्या वर्षांत जावयाच्या शरीरात भीती असल्याचा हा पहिला पुरावा होता, आणि मास्तरांना तो माणूस त्या क्षणी प्रथमच आपला वाटला.

"मामा, मला नाही जमणार. तुटक्या पिनेचं टोक दांड्यात अडकलंय."

मास्तर एका नावेतून दुसऱ्या नावेत गेले. बसून, सरपटत, लहान मूल जिना उतरते तसे. खिशात पिन ठोकून काढायची सळई, पक्कड आणि हातोडी होती. ती त्यांनी केव्हा घेतली हेही त्यांना ठाऊक नव्हते. इंजिन वर उचलून धरले होते आणि पंखा पाण्याच्या वर लोंबत होता. त्यांना पाठफळीवरून बाहेर वाकावे लागले. डोक्याखाली थेट पाणी. पहिला ठोका दांड्यावर न बसता स्वतःच्या अंगठ्यावर बसला. दुसरा बसला. तुकडा निघाला. डबीतली पहिली पिन त्यांच्या बोटांतून निसटली आणि पाण्यात चमकून नाहीशी झाली.

नावेने एक झटका खाल्ला, दोर करकरला. दाढांच्या मागून फेस उसळून आला आणि त्याचे थेंब त्यांच्या मानेवर पडले.

"म्हणून डबीत एकच नसते," मास्तर हळूच म्हणाले, बहुधा त्या पाण्याला.

दुसरी पिन बसली. पंखा चढला. पंख्याला मागून अडवणाऱ्या दुपायी स्प्लिट पिनेचे पाय त्यांनी पक्कडीने उलगडून वाकवले, एकदा तपासले, पुन्हा तपासले, आणि तिसऱ्यांदा तपासायला लागले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा. पुरे."

जावयाने दोरी ओढली. मास्तरांनी कान झाकून घेतले, त्यामुळे इंजिन सुरू झाल्याचे त्यांना कानांनी नव्हे, तळव्यांनी कळले. नांगर वर आला, आणि त्याच्या मागोमाग, दोरात गुंडाळलेले, वाळूने माखलेले शिवणयंत्र. शिंप्याने ते पोटाशी घेतले.

पलीकडे वहिनीच्या नावेत म्हातारीने तोंड मिटले होते. वहिनीने एकदा दोरी ओढून पाहिली आणि सोडून दिली. "गेली," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "खडकांच्या सावलीपर्यंत. पुढे नाही."

"इंजिन मेलं म्हणून एवढं समाधान झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहते," वहिनी म्हणाली, आणि तिची नाव जावयाच्या नावेमागे बांधली गेली. जावयाचे इंजिन ओहोटीच्या विरुद्ध, दमाने, दोन्ही नावांना ओढू लागले. मास्तर वाटभर पाठफळीशी वाकून पाण्याच्या त्या बारीक धारेकडे पाहत होते; ती थांबेल, आता थांबेल, अशा खात्रीने. ती थांबली नाही.

धक्क्यावर पत्नी त्याच दगडावर उभी होती. मुलगी उतरली, आईला भेटली आणि मगच रडली. मास्तरांना उतरता येईना. पत्नीने हात पुढे केला.

"ही चूक डबीची नाही," ते तिला म्हणाले, जणू तिने विचारले होते. "पिनेचीही नाही. पोलादाची असती तर गिअर फुटला असता आणि मी काहीच करू शकलो नसतो. पण डबी मीच विसरलो."

"जेवायला मीच बोलावलं होतं," ती म्हणाली. "आता या वर. की इथंच वस्ती करणार? एवढ्या वर्षांनी पाण्यात गेलात, तर तिथून निघायलाही तेवढीच वर्षं लावाल."

दुसऱ्या सकाळी शिंपी यंत्र घेऊन हजर झाला. मास्तरांनी ते पिंपातल्या गोड्या पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, प्रत्येक सांध्याला तेल दिले. म्हातारी त्याच खोलीत घोड्यावर टांगलेली होती. वहिनीने ती मोडीत काढायला साफ नकार दिला होता, आणि यावेळी मास्तरांनी आग्रह धरला नव्हता. नवी कॉइल कुठे मिळेल याची चौकशी मात्र केली होती.

पायऱ्यांवर जावई नाव सोडण्याच्या तयारीत होता. तो स्वतःहून टोपण उघडून दाखवू लागला. "ही बघा मामा. डबी. तारेनं. दोन वेढे."

"तीन द्या," मास्तर म्हणाले.

त्याने तिसरा वेढा दिला. मुलीने न बोलता आपल्या रुमालाची गाठ उघडून दाखवली. तीत एक पितळेची पिन होती.

नाव निघाली. मास्तर शेवटच्या कोरड्या दगडावर उभे राहिले. भीती गेली नव्हती; ती पोटात आपल्या नेहमीच्या जागी बसलेली होती. शिंप्याने कारखान्यातून हाक मारली, यंत्राचे चाक फिरत नाही म्हणून. मास्तरांनी त्याला हाताने थांबवले आणि मान एका अंगाला कलती केली. इंजिनाचा भरलेला आवाज मधल्या पाण्यावरून गेला, मुखाकडे गेला, दाढांपाशी बारीक झाला आणि तसाच, एका सुरात, पलीकडच्या काठाला लागून थांबला. हे थांबणे वेगळे होते. ते नीट ऐकून झाल्यावरच ते वळले.

"आणा तुमचं यंत्र," ते शिंप्याला म्हणाले. "आधी सांगा, ते कधी बंद पडलं तर तुमच्याजवळ सुटी सुई आहे का?"